फोमची मॅट की हवेची मॅट? सह्याद्रीतल्या थंडीत दोन्हींवर झोपून झाल्यावर

स्लीपिंग बॅग चांगली असली तरी रात्री दोन-अडीचला थंडी वाजून जाग येते, आणि नीट लक्ष दिलं तर कळतं की ती थंडी वरून येत नाहीये, खालून येतेय. पाठ, कंबर, खांदा जिथे जमिनीला टेकलाय तिथून. कारण सरळ आहे, बॅगेतलं भरण आपल्या वजनाखाली चेपून पार चपाती होतं, त्यात हवाच उरत नाही, आणि ऊब तर त्या हवेमुळेच असते. म्हणजे खालच्या बाजूने तुमची सात हजाराची बॅग आणि एक चादर यात फारसा फरक नाही. तिथे जे काही काम करायचं ते मॅटच करते. म्हणून मी बॅगेवरच्या चर्चेत फार पडत नाही, मॅट कोणती ते आधी विचारतो.

माझ्याकडे दोन्ही आहेत. एक घडीची फोमची मॅट, अंड्याच्या ट्रेसारखे उंचवटे असलेली, आणि एक हवेची, आतून ऊब धरणारा थर असलेली. दोन्ही तीन हिवाळे वापरल्यात, बहुतेक सह्याद्रीत आणि एकदा बर्फात. साधी गुंडाळीची निळी कॅरीमॅट मी इथे धरत नाहीये, ती बहुतेकांकडे आधीच असते आणि तिच्यावरूनच पुढे काय घ्यावं हा प्रश्न येतो. वजनं, लांबी-रुंदी वगैरे दुकानात लिहिलेलं असतंच, ते सोडून देतो.

आधी एक गोष्ट, सह्याद्रीतल्या थंडीला कमी लेखू नका. डिसेंबर-जानेवारीत हरिश्चंद्रगड, रतनगड, साल्हेर या उंचीवर रात्री पारा दहाच्या खाली जाणं नेहमीचं आहे आणि थंडीची लाट असली की पाच-सहापर्यंत सहज उतरतो. आकडा ऐकून हिमालय केलेले लोक हसतात, पण मोकळ्या पठारावर, आभाळ स्वच्छ असताना, जमीन हवेपेक्षाही जास्त गार होते. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठावर दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दर एक-दोन वर्षांनी येतात ना, तेव्हा गावात थर्मामीटर शून्याच्या बराच वर असतो. जमीन आपली ऊब रात्रभर उघड्या आभाळाकडे सोडत राहते आणि आपण त्याच जमिनीवर आडवे झालेलो असतो. त्यात दव. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या पठारावर पहाटे टेंट बाहेरून असा ओला असतो की पाऊस पडून गेला असं वाटावं.

आता उबेचं. आर-व्हॅल्यू हा आकडा बहुतेकांना माहीत असेल, जितका जास्त तितकी मॅट थंडी अडवते. २०२० च्या सुमारापासून बऱ्याच मोठ्या कंपन्या एकाच पद्धतीने तो मोजून लिहायला लागल्यात त्यामुळे तुलना सोपी झालीये. घडीची फोमची मॅट साधारण दोनच्या आसपास असते. थर असलेली हवेची मॅट तीन ते पाच, काही त्याहून वर. म्हणजे कागदावर हवेची मॅट सरळ जिंकते. पण इथे एक मोठी गफलत होते आणि ती मी दोन मित्रांच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलीये. हवेच्या मॅटमध्ये आत थर नसेल, नुसती हवाच असेल, तर ती पाच-सहा सेंटीमीटर जाड असूनही दोन सेंटीमीटरच्या फोमपेक्षा गार लागते. आतली हवा मोकळी असते, ती फिरते, वरची ऊब खाली नेऊन जमिनीला देते. फोममध्ये तीच हवा लाखो बारीक बंद कप्प्यांत अडकलेली असते, तिला हलताच येत नाही. जाडी बघून मॅट घेऊ नका एवढंच. ऑनलाइन हजार-बाराशेला ज्या फुगवायच्या मॅट मिळतात त्यातल्या बऱ्याचशा या नुसत्या हवेच्या असतात, त्या मे महिन्यात नदीकाठी ठीक आहेत.

थर असलेल्या मॅटशी फोमची तुलना करायला आम्ही एकदा मुद्दाम प्रयोग केला. जानेवारीतली रात्र, हरिश्चंद्रगडाचं पठार, दोन टेंट शेजारी शेजारी, दोघांच्या बॅगा एकाच प्रकारच्या. दहा ते एक मी हवेच्या मॅटवर आणि मित्र फोमवर, एकला अदलाबदल. थर्मामीटर वगैरे काही नव्हतं, अंगाला काय वाटतं तेच. हवेच्या मॅटवर पाठ खरंच उबदार राहिली, खाली जमीन आहे हे विसरायला झालं. फोमवर आलो तेव्हा पहिली दहा मिनिटं गार वाटलं, मग फोमने अंगाची ऊब धरली आणि झोप लागली, पहाटे चारच्या पुढे मात्र कंबरेला जमीन जाणवायला लागली. मित्राचंही साधारण तेच मत पडलं. म्हणजे उबेत हवेची मॅट पुढे आहे यात मला शंका नाही. पण फोमवर झोप मोडेल इतकी थंडी मला सह्याद्रीत एकदाही लागली नाही, तीन हिवाळ्यांत एकदाही नाही, अगदी पहाटे जरा आखडून झोपलो असेन इतकंच. पुढचं सगळं वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

आराम. इथे फोमची बाजू घेणं कठीण आहे. पाठीवर झोपणाऱ्याला फोम पुरतो, पण कुशीवर झोपत असाल तर खांदा आणि कंबरेचं हाड बोचतं. माझी बायको कुशीवर झोपते, तिला फोमवर सकाळी उठल्यावर हात जड व्हायचा, आता तिने ती हवेची मॅट स्वतःकडेच घेतलीये आणि ती मला परत मिळणार नाही हे मी मान्य केलंय. चाळिशी ओलांडलेली कंबर, स्लिप डिस्कचा इतिहास, असं काही असेल तर मी फोमचा आग्रह धरणार नाही. पण एक आहे, हवेची मॅट टम्म फुगवली की कडक होते आणि अंग तिच्यावर डुगडुगतं. फुगवून झाल्यावर आडवं होऊन थोडी थोडी हवा सोडायची, कंबर जमिनीला टेकणार नाही पण खांदा जरासा रुतेल इतकी. हे जमायला दोन-तीन रात्री जातात.

आणि हे जमवून झोपलात तरी रात्रीतून मॅट मऊ पडते. पंक्चर नसतानाही. संध्याकाळी बावीस-तेवीस डिग्रीला फुगवलेली हवा पहाटे सात-आठ डिग्रीला आकसते, हिशेब केला तर साधारण पाच टक्के. पाच टक्के ऐकायला काहीच नाही पण अंगाला कळतं, कंबर खाली जाते. तोंडाने फुगवली असेल तर आपला श्वास तर आणखीनच गरम, म्हणजे फरक आणखी जास्त. म्हणून झोपायच्या जरा आधी, मॅट गार झाल्यावर, दोन फुंका वरून भरायच्या. एवढं केलं की हा प्रश्न बहुतेक सुटतो. पण मग त्यातूनच दुसरा प्रश्न येतो, रात्री तीन वाजता मॅट मऊ लागली तर हे थंडीने झालंय की कुठे भोक पडलंय? झोपेत कळत नाही. माणूस पडून विचार करत राहतो.

माझा निर्णय ज्याने झाला ते आता सांगतो. कुसळ.

म्हणीपुरतं कुसळ सगळ्यांना माहीत असतं. ज्यांनी ऑक्टोबर ते जानेवारी डोंगर केलेत त्यांना ते मोज्यातून, बुटाच्या लेसमधून, ट्रॅकपॅंटच्या घोट्यातून माहीत असतं. पावसाळा संपला की कुसळी गवत पिकतं, सोनेरी होतं, आणि त्याचं बी सुटायला लागतं. पुढे सुईसारखं कडक टोक, त्यावर मागे वळलेली बारीक लव म्हणजे आत शिरलं की मागे येत नाही, आणि शेपटीसारखी लांब पीळ घातलेली काडी. या पिळाचं काम फार सुंदर आहे. दव पडलं की पीळ सुटतो, ऊन लागलं की परत बसतो, आणि या फिरण्यातून ते बी स्क्रूसारखं स्वतःला जमिनीत घुसवून घेतं. मेंढ्यांच्या लोकरीतून कातडीत शिरतं ते याच पद्धतीने. गवताने स्वतःची पेरणी स्वतः करायची सोय केलीये, त्यात गवताची काही चूक नाही. पण ज्या महिन्यांत आपण थंडीचे ट्रेक करतो नेमके तेच महिने त्याचे आहेत.

पहिल्या हिवाळ्यात मी हवेच्या मॅटची जिवापाड काळजी घेत होतो. टेंट लावायच्या आधी हाताने जमीन साफ करायची, कारवीचे कापलेले खुंट असतील तर जागा बदलायची, खाली जाड शीट, वर टेंटचा तळ, मग मॅट. एकदा हरिश्चंद्रगडाला पायथ्याच्या पाचनई गावातून वर चढलो, पठारावर टेंट टाकले, जेवलो, साडेनऊला आडवा झालो. बाराच्या सुमारास कंबर जमिनीला टेकली. म्हटलं हवा आकसली असेल, दहा-बारा फुंका भरल्या. दीडला परत टेकली. मग कळलं की हे थंडीचं काम नाही. त्या रात्री मी चार वेळा उठून मॅट भरली, शेजारच्या टेंटमधून आवाज आला, “अरे काय झालंय तुला, बरं नाहीये का?” चौथ्या वेळेला थकून सॅक रिकामी केली, सॅक, दोर, जॅकेट, जे होतं ते अंगाखाली घातलं आणि गुडघे पोटाशी घेऊन उजाडायची वाट बघितली. पहाटे कोकणकड्यावर सूर्य उगवायच्या आधीचा जो निळा उजेड असतो, दरीत धुकं साचलेलं, समोरच्या डोंगराच्या नुसत्या कडा दिसतायत, त्यासाठी मी एवढ्या लांब आलो होतो आणि मला तेव्हा फक्त झोप हवी होती. त्याचं अजून वाईट वाटतं.

सकाळी म्हटलं भोक शोधू. आणि इथे खरी अडचण कळली. बारीक भोक शोधायचं तर मॅट पाण्यात बुडवायला लागते, बुडबुडा कुठून येतो ते बघायला लागतं. गडावर पाणी कुठे, तर टाक्यात. आणि टाक्यातलं पाणी पिण्याचं आहे. वरच्या हॉटेलवाल्यांचं, आपल्यासारख्या शेकडो लोकांचं. त्यात अंगाखालची मॅट बुडवणं मला शक्य नव्हतं आणि कोणी बुडवू नये. बाटलीतलं पाणी हातावर घेऊन मॅटवर पसरवलं, कान लावून बघितलं, गाल लावून बघितला, वारा एवढा की काही कळेना. साबणाचा फेस लावतात म्हणे, पण पाणवठ्याजवळ साबण मी काढत नाही. वर नाश्त्याला थांबलो तिथले मामा बराच वेळ बघत होते. ते म्हणाले, “भोक हितं नाय सापडायचं. घरी न्या. रातच्याला खाली ऱ्हायला असतात तर पेंढा टाकून दिला असता की.” आणि खरंच, दुसऱ्या एका ट्रेकला पाचनईत पडवीत भाताच्या पेंढ्यावर घोंगडी टाकून झोपलो तेव्हा अशी झोप लागली की काय सांगू. पेंढ्याच्या नळ्या पोकळ असतात, हवा धरून ठेवतात, खालची ओल वर येऊ देत नाहीत. त्या भागातले लोक पिढ्यान् पिढ्या हेच करतायत, आपण त्यालाच आर-व्हॅल्यू म्हणतो.

घरी आल्यावर पोराच्या आंघोळीच्या टबात मॅट थोडी थोडी बुडवत गेलो. अर्ध्या तासाने सापडलं, अगदी मोहरीहूनही बारीक एकच बुडबुडा, थांबून थांबून येणारा. आणि ते भोक मॅटच्या वरच्या बाजूला होतं. वरच्या! खाली शीट टाकून, जमीन झाडून, सगळं करून उपयोग शून्य, कारण कुसळ जमिनीतून आलंच नव्हतं, ते माझ्याच मोज्यातून टेंटमध्ये आलं होतं आणि माझ्याच वजनाने आत गेलं होतं. तुटलेलं टोक तिथेच होतं. ठिगळ लावलं, छान बसलं, पुढचे दोन ट्रेक काही झालं नाही. मग रतनगडला गुहेत परत तेच. त्या वेळी मोजे बाहेर काढून ठेवले होते, पॅंट झटकली होती, तरी. बहुतेक बॅगेच्या कापडात अडकून आलं असावं.

आता न्यायाने बोलायचं तर तीन हिवाळ्यांत दोनदा. फार नाही म्हणेल कोणी. दुसऱ्या कोणाची मॅट पाच वर्षं टिकलीही असेल, मी भेटलोय अशा लोकांना. पण ज्या रात्री भोक पडतं त्या रात्री तुमच्याकडे कमी हवेची मॅट नसते, मॅटच नसते. फोमला दहा कुसळं टोचली तरी त्याला कळतसुद्धा नाही. माझ्या फोमच्या मॅटमध्ये या क्षणी किती कुसळं आहेत मला माहीत नाही, कधीतरी बोटाला लागतं, काढून टाकतो.

आणि त्याहून मला जास्त खुपली ती गोष्ट वेगळी आहे, भोकापेक्षा भोकाची धास्ती. हवेची मॅट घेऊन गेलो की मी तिचा राखणदार होतो. मॅटवर कोणी बूट घालून बसलं तर पोटात गोळा येतो. कोणी सुरीने कांदा चिरायला बसलं की तिकडेच लक्ष. दुपारी उन्हात फुगवलेली राहिली तर हवा प्रसरण पावून आतले कप्पे सुटू शकतात म्हणून झडप उघडायला धावायचं. आपल्या ट्रेकमध्ये मॅट नुसती झोपायला नसते हो. चढताना सावलीत थांबलो की तीच अंथरून चौघं बसतो. गुहेत तिच्यावर पत्त्यांचा डाव पडतो. तिच्यावरच भाजी चिरली जाते, ताटं मांडली जातात, दगडी ओट्यावर गार लागतं म्हणून बुडाखाली तीच. चुलीजवळ बसलो आणि ठिणगी उडाली तर फोमला एक काळा ठिपका पडतो, बस. (हरिश्चंद्रगड, रतनगड हे अभयारण्यात येतात, शेकोटी कुठे चालते कुठे नाही ते खाली गावात विचारूनच वर जा.) घडीची मॅट दोन सेकंदात उघडते, दोन सेकंदात मिटते. चढून दमल्यावर पंचवीस फुंका मारत बसायला लागत नाही. मला वाटतं हा फरक दुकानात उभं राहून कळत नाही, तिथे दोन्ही जमिनीवर अंथरलेल्या असतात आणि हवेची जास्त मऊ लागते आणि माणूस ती घेतो.

गुहेत किंवा देवळात ओळीने झोपत असाल तर आवाजाचाही विचार करा. थर असलेल्या काही मॅट कूस बदलली की चिप्सचं पाकीट चुरगळल्यासारखा आवाज करतात, राजगडला पद्मावतीच्या देवळात पंधरा-वीस जण झोपलेले असताना तो आवाज फार मोठा वाटला होता. नव्या मॅट बऱ्याच शांत झाल्यात असं ऐकतो. माझी नाहीये.

फोमचे दोष आहेत आणि ते लपवायचे नाहीत. पहिला म्हणजे आकार. हवेची मॅट गुंडाळली की पाण्याच्या लिटरच्या बाटलीएवढी होते, सॅकच्या आत जाते. फोमची घडी बाहेरच बांधावी लागते, आणि बाहेर बांधलेली वस्तू सह्याद्रीत प्रत्येक गोष्टीत अडकते. करवंदीच्या जाळीत अडकते, कारवीत अडकते, एसटीच्या दारात अडकते. कड्याला चिकटून जाणारी आडवी वाट असेल आणि मॅट सॅकच्या खाली आडवी बांधलेली असेल तर ती दगडाला लागून तुम्हाला बाहेर ढकलते, हे गंमतीचं नाही. शिडीवर, अरुंद घळीतही तेच. म्हणून घडीची मॅट कायम उभी, सॅकच्या पाठीमागे, दोन पट्ट्यांनी घट्ट बांधायची, कडेला किंवा खाली आडवी कधीच नाही. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारखं काही करणार असाल, जिथे हातपाय दोन्ही लागतात, तर तिथे मी स्वतःसुद्धा हवेचीच नेईन आणि सॅक सुटसुटीत ठेवेन.

दुसरा दोष, फोम दबतो. माझ्या मॅटचे खांद्याखालचे आणि कंबरेखालचे उंचवटे आता निम्मे राहिलेत, पहिल्या वर्षी जी ऊब होती ती आज नाही. घडीत दाबून बारा महिने कपाटात ठेवली तर आणखी लवकर दबते, मी आता घरी ती पलंगाखाली उघडी ठेवतो. तरी साधारण तीन-चार वर्षांनी ती बदलावी लागेल असं दिसतंय. हवेची मॅट नीट सांभाळली तर आराम तसाच राहतो. मात्र तीही घरी ठेवताना झडप उघडी ठेवून, सैल घडी घालून ठेवा, आणि तोंडाने फुगवणं शक्यतो टाळा, श्वासातली ओल आत राहते आणि ती सहज वाळत नाही. मॅटबरोबर फुगवायची पिशवी मिळत असेल तर तीच वापरा.

बर्फाचं गणित वेगळं आहे. उत्तराखंडातल्या केदारकंठाला जानेवारीत गेलो तेव्हा खाली फोम आणि वर हवेची अशा दोन्ही टाकल्या. आर-व्हॅल्यूची बेरीज होते, दोन आणि चार म्हणजे सहा, आणि हवेची फुटलीच तर खाली फोम आहे ही मनाला शांती. तिथे नुसत्या फोमवर झोपायचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. अर्थात बऱ्याच हिमालयन ट्रेकला मॅट आणि बॅग आयोजकच देतात, तेव्हा फक्त हिमालयासाठी म्हणून महागडी मॅट घेत असाल तर आधी विचारून घ्या. वर्षातून एकदा हिमालय आणि दहा वेळा सह्याद्री असं गणित असेल तर दहाचा विचार करून घ्यावी असं मला वाटतं.

पैशाचं थोडक्यात, बऱ्या थराच्या हवेच्या मॅटच्या किमतीत फोमच्या दोन-तीन तरी येतात. विद्यार्थी असाल, नोकरी नवीन असेल, तर या फरकातून चांगली टोपी, लोकरी मोजे आणि आत घालायचा एक जाड कपडा येतो, आणि ऊब त्यातून जास्त येईल.

आणि फोम गार पडतोय असं वाटलं तर काही साध्या गोष्टी करून बघा. मी मॅटच्या शेवटच्या दोन घड्या कापून टाकल्यात, पाय रिकाम्या सॅकवर ठेवतो, वजनही कमी आणि कापलेला तुकडा कंबरेखाली दुहेरी घालता येतो, जिथे थंडी सगळ्यात जास्त लागते तिथे. चंदेरी बाजू असेल तर ती वर ठेवा, फरक किती पडतो देव जाणे पण मी ठेवतो. झोपण्याआधी ओले मोजे बदला. जागा निवडताना उघड्या कातळापेक्षा मातीची जागा बघा, आणि अगदी खोलगट जागा टाळा, गार हवा रात्री तिथेच साचते. साल्हेरला माथ्याजवळच्या गुहेत झोपलो होतो तेव्हा बाहेर उभं राहवत नव्हतं इतका वारा होता, आत मात्र फोमची मॅट आणि तो कापलेला तुकडा एवढ्यावर सहापर्यंत झोप झाली.

हवेचीच घ्यायची ठरवली असेल तर, आणि कुशीवर झोपणाऱ्यांनी खुशाल घ्यावी, एवढं करा. थर आहे का आणि आर-व्हॅल्यू तीनच्या वर आहे का ते बघा. घरी आणल्यावर रात्रभर फुगवून, वर वजन ठेवून बघा. ठिगळाचं सामान मॅटच्याच पिशवीत ठेवा, घरी नाही, आणि थंडीत गोंद वाळायला वेळ लागतो म्हणून नुसतं चिकटवायचं ठिगळ असेल तर उत्तम, तेही दव पुसून, कोरड्या कापडावरच चिकटतं. मोजे आणि पॅंट टेंटच्या बाहेरच उलटे करून झटका, बॅगेचा पायाकडचा भाग हाताने चाचपून बघा. आणि ऑक्टोबर ते जानेवारी जमलं तर मॅटवर एक जुनी सुती चादर दुहेरी घाला, कुसळ चादरीत अडकतं. बायकोच्या सॅकमध्ये ही चादर आता कायम असते आणि गेल्या हिवाळ्यात तिची मॅट एकदाही बसली नाही.

या डिसेंबरला परत साल्हेर-सालोटा ठरतंय. बायको हवेची नेणार आहे, मी फोमची. टेंटमध्ये तिची मॅट आतल्या बाजूला असते, माझी दाराजवळ, कारण बूट, कुसळं आणि चहाचा कप सगळं दाराशी येतं.